मेंदूज्वरातून उठलेलं मूल : आयसीयूनंतर काय तपासायचं

आधी कान. जिवाणूजन्य मेंदूज्वर झालेल्या मुलाची श्रवणचाचणी घरी सोडण्यापूर्वी, नाहीतर 4 आठवड्यांत झालीच पाहिजे. तान्ह्यांसाठी ‘बेरा’ (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो, ते मोजणारी चाचणी) करतात, बाळ झोपलेलं असताना. टाळीला वळलं म्हणजे ऐकू येतं, असं धरू नका. एका कानाने ऐकणारं मूलही वळतं. घाई अशासाठी, की आतल्या कानात हाड भरू लागलं तर कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवायचं यंत्र) बसवणं अवघड होतं, आणि ते काही आठवड्यांतही सुरू होऊ शकतं.

बाळाच्या डोक्याचा घेर न ताणणाऱ्या टेपने मोजा : पुढे भुवयांच्या वर, मागे सर्वांत फुगीर भागावरून. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा तारखेसह लिहा. घेर झपाट्याने वाढला, टाळू फुगली किंवा उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोक्यात पाणी साठत असू शकतं.

बसणारं मूल घरी आल्यावर कलंडतं, ते अशक्तपणामुळे किंवा आतल्या कानातला तोल बिघडल्यामुळे असू शकतं, बहुधा हळूहळू सावरतं. एकच हात वापरत असेल तर मात्र दाखवा. फिटचं औषध मनाने बंद करू नका.

अवघड भाग पुढेच असतो. लक्ष न लागणं, गणितात मागे पडणं हे कधीकधी शाळेतच उघडं पडतं, तेव्हा जुनं आजारपण कुणाला आठवत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्ड जपा, वर्गशिक्षकांना सांगा. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं सरकारी केंद्र) 18 वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते.