रात्री शेतात ‘काहीतरी’ दिसलं? मग या चुका टाळा

रावेर-यावलकडे केळीला रात्रीची लाईट असली की माणूस अर्ध्या झोपेत मोटार चालू करायला निघतो. हातात बॅटरी, पायाखाली चिखल, दोन्ही बाजूंना फाटक्या पानांची फडफड. त्यात काही दिसलं तर सकाळी टपरीवर चहाबरोबर बातमी येते : “वाघ नही भो, दुसरंच काही व्हतं.” दुपारपर्यंत त्या ‘दुसऱ्या’ला शिंगं फुटतात आणि तिन्हीसांजेला ते मुंजा किंवा खवीस होऊन बसतं.

मला पक्षी-प्राण्यांची आवड, म्हणून असे फोन माझ्याकडे येतात. पार थाप मारणारा मला क्वचितच भेटला. माणसाला काहीतरी दिसलेलं असतं हे नक्की. घोळ होतो तो दिसल्यानंतर, आणि दरवेळी जवळपास त्याच ठिकाणी होतो.

आधी नाव, मग वर्णन

हडळ म्हणून मोकळं झालं की डोळे पुढचं बघायचंच सोडतात. चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याने मला सांगितलं, पुढून उंच, मागून बसकं, पाठीवर केस ताठ, असं जनावर गोठ्यामागून गेलं. गावाने त्याला नाव देऊन टाकलं होतं आणि नारळही फोडून झाला होता. मी म्हटलं, दादा, नाव बाजूला ठेवा, अंगावर पट्टे होते का? थोडं थांबून म्हणाले, “व्हते.” झालं, तरस! त्याचे पुढचे पाय लांब, म्हणून पाठ उतरती. बिचकलं की मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ उभी करतं आणि आहे त्यापेक्षा बरंच मोठं दिसतं. हाडं चावून खात असल्यामुळे त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी पडते. तीही त्या गावात ‘भुताची खूण’ म्हणून फिरली होती. आणि तरस माणसासारखं हसतं म्हणतात ना, तो आफ्रिकेतला ठिपक्यांचा तरस. आपला पट्टेवाला बहुतेक वेळ गप्पच असतो.

पडक्या वाड्यातल्या गव्हाणी घुबडाचंही असंच. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा आणि त्यातून निघणारा चिरका फूत्कार. पिल्लांचा व्हिडिओ दर दोन-चार वर्षांनी ‘परग्रहावरचे जीव’ म्हणून माझ्याकडे परत येतोच.

चमकणाऱ्या डोळ्यांवरून उंची ठरवणं

बऱ्याच जनावरांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. बॅटरीचा उजेड त्याच्यावर आपटून परत येतो. रंग हिरवा, पिवळा की लाल, हे कोनावर आणि जनावरावर ठरतं, त्याच्या स्वभावावर नाही. माणसाच्या डोळ्यात हा थर नसतो. म्हणून “माणूसच होता, पण डोळे हिरवे चमकत होते” असं कुणी म्हटलं की बांधाची उंची मोजायला सांगावी. बांधावर उभ्या मांजरीचे डोळे खालच्या सरीतून तुमच्या छातीएवढे उंच दिसतात.

माझी फजिती सातपुड्यातल्या पाल गावच्या रस्त्यावर झाली. मोटारसायकलच्या उजेडात रस्त्याच्या मधोमध दोन निखारे. जवळ गेलो तर निखारे सरळ हवेत उठले आणि माझ्या डोक्यावरून गेले. हँडल सुटायचंच बाकी होतं. तो रातवा होता. हा पक्षी रात्री रस्त्यावर बसतो, आणि त्याचे डोळे अंगाच्या मानाने फारच मोठे दिसतात.

पावलाचा फोटो, पण शेजारी माप नाही

हा सगळ्यांचा आवडता पुरावा आणि सगळ्यात कच्चा. ओल्या काळ्या मातीत पाय घसरतो, ठसा पसरतो. चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की दोन्ही मिळून एक भलंमोठं पाऊल तयार होतं. सातपुड्यातल्या अस्वलाचा मागचा पाय तर अनवाणी माणसासारखा उमटतो, फक्त बोटांच्या पुढे नखांची टोकं असतात. ती भुसभुशीत मातीत दिसली नाहीत की संपलं.

याला थोरामोठ्यांचीही सूट नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये भारतीय लष्कराने नेपाळमधल्या मकालू शिखराच्या तळाजवळचे 32 बाय 15 इंचांचे ठसे हिममानवाचे म्हणून जाहीर केले होते. त्याआधीच, 2017 मध्ये, हिममानवाचे म्हणून जपून ठेवलेल्या केस, हाडं, कातडी अशा नऊ नमुन्यांची डीएनए तपासणी झाली होती. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा.

तेव्हा ठसा दिसला तर शेजारी काडेपेटी किंवा दहाचं नाणं ठेवा आणि बरोबर वरून फोटो घ्या. एका ठशावर थांबू नका, पुढचे चार-पाचही टिपा. नखं उमटली असतील तर बिबट्या बहुधा नाही, तो चालताना नखं आत घेतो. कुत्रा आणि तरस यांची उमटतात.

चकवा लागला म्हणून घाबरून धावणं

उंच कपाशीत किंवा उसात रात्री माणूस फिरून फिरून त्याच विहिरीवर येतो. हे खरंच घडतं. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक सरळ गेले, तो झाकला की नकळत गोल फिरू लागले. डोळे बांधल्यावर तर काहींचं वर्तुळ अवघ्या 20 मीटरचं झालं. आपली आजी चकवा लागल्यावर खाली बसून राहायला सांगायची. कारण तिचं वेगळं असेल, पण उपाय बिनचूक आहे. बसा, श्वास आवरा, लांबचा एखादा दिवा धरा आणि त्याच्याकडेच चाला.

व्हॉट्सअपवर आधी, वनखात्याला नंतर

इथे मात्र मला हसू येत नाही. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. अफवेतला प्राणी दोन पायांचा असो की चार, जमाव तोच असतो. सातपुड्याच्या काही पाड्यांत तर असल्या गोष्टीचा शेवट एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवण्यात होतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

फोटो पाठवायचाच तर वनखात्याच्या माणसाला पाठवा, आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा पाठवला की तारीख, वेळ, जागा ही फोटोच्या पोटातली माहिती गळून जाते. वनखात्याची हेल्पलाइन 1926 आहे. जनावराला घेराव घालू नका, वाट मोकळी सोडा.

दोन तोंडांचा साप म्हणून मांडूळ विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच : त्याचं दुसरं तोंड म्हणजे बोथट शेपूट. त्याला पकडणं-विकणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

श्रद्धेची आणि नोंदीची एकच वही ठेवणं

दिवाळीच्या सुमारास सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या 1325 मीटर उंच शिखरावर अश्वत्थाम्याच्या यात्रेला लोक जातात. जखमेसाठी तेल मागणारा उंच माणूस वाटेत भेटल्याचं सांगणारेही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, मोजमापही मागत नाही, ती गोष्ट मांडी घालून ऐकायची असते. पण त्याच रात्री बिबट्या दिसला तर तो वेगळ्या पानावर गेला पाहिजे, वेळ आणि जागेसकट.

खोट्या नोंदीची किंमत आपल्या खानदेशानेच पाहिली आहे. रानपिंगळा हे वीतभर घुबड. 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागातून त्याचे नमुने जमवले. 1884 नंतर खात्रीची नोंदच नाही, पक्षी नामशेष झाला असं धरलं गेलं. मध्ये एकच आशा होती : ब्रिटिश पक्षीसंग्राहक कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीला मिळवलेला म्हणून दाखवलेला नमुना. शोधणारे तिकडे जाऊन हात हलवत परतले. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयात तपासलं तेव्हा कळलं की तो जुनाच नमुना चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवला होता. ती नोंद बाजूला सारून त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खऱ्या जुन्या जागांवर गेले. 25 नोव्हेंबर 1997 ला शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसला होता, दिवसाढवळ्या. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता.

हे सगळं पाठ असूनही मी यावलच्या जंगलातून एकदा मोठ्या तोऱ्यात कळवलं : रानपिंगळा पाहिला. पलीकडून एकच प्रश्न आला, “डोक्यावर ठिपके होते का?” साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या जवळपास नसतात. मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घेऊन त्याच सागाखाली गेलो. स्वारी तिथेच होती, मान वळवून माझ्याकडे बघत. ठिपके होते.