जुना फ्लॅट आणि त्याची दुरुस्ती, दोन्ही कर्जावर: या चुका टाळा

रिसेलचा फ्लॅट २५-३० वर्षं जुना असेल तर घराची किंमत भरून काम संपत नाही. बाथरूम फोडायचं असतं, जुनं वायरिंग बदलायचं असतं, खिडकीखाली ओल असते. या खर्चासाठी आपल्याकडे बँका सहसा एकच कर्ज देत नाहीत. खरेदीचं गृहकर्ज आणि घरदुरुस्ती कर्ज, अशी दोन खाती एकाच तारणावर उघडतात. ती एकत्र मंजूर करून घेतली नाहीत, तर घर नावावर होतं, हप्ता सुरू होतो, पण राहायला जाता येत नाही. भाडं आणि हप्ता दोन्ही खिशातून जातात. बहुतेक गोंधळांचं मूळ या मधल्या काळात असतं.

टोकन आधी, एस्टिमेट मागून

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. दुरुस्तीचं कर्ज मागायचं तर बँकेला आर्किटेक्ट किंवा सिव्हिल इंजिनिअरच्या सही-शिक्क्याचं एस्टिमेट लागतं. 'रिनोव्हेशन, ८ लाख' असा एका ओळीचा कागद परत येतो. कामं सुटी लिहा: जुन्या लाद्या व कोबा काढणं किती चौरस फूट, डेब्री उतरवणं, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, नव्या लाद्या, वायरिंगचे पॉइंट, प्लास्टर, रंग. प्रत्येकाचं माप, दर आणि जीएसटी. नोंदणीकृत कंत्राटदार १८ टक्के जीएसटी लावतो. म्हणजे ८ लाखांच्या कामावर १ लाख ४४ हजार, आणि नेमकी हीच रक्कम एस्टिमेटमधून सुटलेली असते.

सोफा, पलंग, फ्रिज, एसी या कर्जात बसत नाहीत. भिंतीला पक्क्या बसवलेल्या किचनच्या कामाबाबत प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं, ते आधी विचारा.

टोकन देण्यापूर्वी इंजिनिअरला घेऊन फ्लॅट बघा आणि दोन्ही अर्ज एकाच वेळी द्या. आधी खरेदी उरकून मग टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज, घेऊ असं ठरवणारे पुष्कळ असतात. पण काही महिन्यांचे हप्ते नियमित गेल्याशिवाय अनेक बँका टॉप-अपचा विचारच करत नाहीत, आणि त्याचा दरही बहुधा थोडा चढा असतो.

स्वतःच्या पैशांचा चुकलेला हिशेब

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत यातली कमी असेल ती धरली जाते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या मूल्यात मोजत नाहीत (१० लाखांपर्यंतच्या घरांचा अपवाद सोडून).

पुण्यातला ६० लाखांचा फ्लॅट घ्या. कर्ज जास्तीत जास्त ४८ लाख, स्वतःचे १२ लाख. ७ टक्के मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार, नोंदणी ३० हजार. दुरुस्ती जीएसटी धरून ८ लाखांची आणि बँक त्याचे ८० टक्के देत असेल तर आणखी १ लाख ६० हजार. झाले १८ लाख १० हजार. दलाली आणि सोसायटीची हस्तांतरण फी वेगळी. शिवाय दुरुस्तीचे पैसे टप्प्याटप्प्याने, काम झालेलं बघून मिळतात. कंत्राटदार मात्र फोडातोडीच्या आधीच ॲडव्हान्स मागतो. तेवढी रक्कम हाताशी ठेवा.

व्हॅल्युएशन कमी आलं तर रिपोर्ट मागून कार्पेट क्षेत्र (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) तपासा. बंद केलेली बाल्कनी किंवा मंजूर नकाशात नसलेली खोली व्हॅल्युअर धरत नाही, आणि विक्रेत्याने किंमत मात्र त्यासकट सांगितलेली असते. किमतीची घासाघीस करायला हा रिपोर्ट चांगला कामी येतो.

किंमत फुगवून दुरुस्ती भागवणं

'करार ६८ लाखांचा करू, वरचे ८ लाख मी तुम्हाला परत देतो' असा सल्ला देणारा दलाल हमखास भेटतो. ऐकू नका. पुण्यात त्या ८ लाखांवर ५६ हजार जादा मुद्रांक शुल्क जातं, विक्रेत्याचा कागदोपत्री नफा वाढतो, आणि व्हॅल्युअरने ६० लाखच लिहिले तर कर्ज वाढतच नाही. बँकेची फसवणूक होते ती वेगळीच.

फॉल्स सीलिंगखाली झाकलेला स्लॅब

या मुद्द्यावर आमचा जोर जास्त आहे, कारण इथे कर्जाची रक्कम आणि इमारत दोन्ही अडकतात. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला खालून तडे जातात आणि पापुद्रे पडतात. विक्रेता त्यावर फॉल्स सीलिंग लावून घर 'नवं' करतो. किचन-बाथरूमच्या सीलिंगची एक झडप किंवा पट्टी काढून टॉर्चने बघा. काँक्रीटवर तांबूस डाग दिसले, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर एस्टिमेटमध्ये रंगाआधी स्लॅबची दुरुस्ती आली पाहिजे: सैल काँक्रीट काढणं, सळई घासून गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर. गच्चीतून गळून सर्वांत वरच्या मजल्याचं छत खराब झालं असेल तर तो खर्च आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) सोसायटीचा आहे, तुमच्या कर्जाचा नव्हे.

सोसायटीकडून शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल, मागाच. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी, त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी ऑडिट हवं. मुंबईत इमारत सी-१ वर्गात असेल, म्हणजे रिकामी करून पाडण्याच्या, तर तिथे दुरुस्तीवर पैसा घालणं वेडेपणा आहे. इमारतीचं उरलेलं आयुष्य कमी दिसलं की बँकही मुदत कापते. २० वर्षांऐवजी १२ वर्षं मिळाली की हप्त्याचं गणित कोलमडतं.

दुरुस्तीही २० वर्षांवर ताणणं

हप्ता हलका दिसतो म्हणून लोक फसतात. वरच्या उदाहरणातल्या दुरुस्ती कर्जाच्या ६ लाख ४० हजारांवर ८.५ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता सुमारे ५,५५० रुपये, एकूण व्याज सुमारे ६ लाख ९३ हजार. तेच ७ वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे १०,१३५ आणि व्याज २ लाख ११ हजार. दुरुस्तीचं खातं वेगळं आणि छोट्या मुदतीचं ठेवा. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, त्यामुळे बोनस आला की आधी हेच खातं संपवा.

करसवलतीवर फार भिस्त ठेवू नका. स्वतः राहत्या घरासाठी ती जुन्या करप्रणालीतच मिळते. दुरुस्ती कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३० हजारच, तेही व्याजाच्या एकूण २ लाखांच्या मर्यादेत. दुरुस्तीच्या मुद्दलावर मात्र वजावट नाही.

काम सुरू झाल्यावर कर्जाचा पुढचा टप्पा अडकतो तो का

बँकेचा इंजिनिअर एस्टिमेट हातात घेऊन येतो. मध्येच 'आता केलंच आहे तर' म्हणत बेत बदलला, पॉइंट वाढवले, भिंत पाडली, की पुढचा टप्पा थांबतो. बदल हवा असेल तर सुधारित एस्टिमेट आधी द्या. भिंत पाडायची असेल तर सोसायटीची आणि नियमाप्रमाणे लागेल तिथे पालिकेची परवानगी काढा. कॉलम-बीमला हात लावायचा नाही.

बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झालं की लाद्या लावण्याआधी निदान ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. ओल दिसली तर तेव्हाच कोबा परत उकरायचा. लाद्या लागल्यावर तेच काम दुप्पट खर्चाचं होतं. भिंतीतल्या सीपीव्हीसी पाइपांचे आणि वायरिंगच्या कंड्युइटचे (वायरी ज्यातून जातात त्या नळ्यांचे) प्लास्टरआधी तारखेसह फोटो काढा. पुढचा टप्पा मागताना जीएसटी बिलांसोबत तेच जोडायचे, कारण इंजिनिअर येईपर्यंत सगळं लादीखाली गेलेलं असतं आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे तो सोडत नाही.