पुस्तकं वाटून घ्यायचं सॉफ्टवेअर लिहिताय? आधी ‘ऱ्या’ शोधून बघा

घरोघरची पुस्तकं एकमेकांना वाचायला देता यावीत म्हणून मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं, सॉफ्टवेअर लिहायची हुक्की बऱ्याच जणांना येते. शून्यापासून लिहू नका. १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं कोहा हे ग्रंथालयाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आपल्याकडच्या कॉलेजांच्या ग्रंथालयांतही चालतं, पण ते ग्रंथपालासाठी आहे; दिवाणखान्यातल्या कपाटासाठी तो फार मोठा पसारा होतो. त्यापेक्षा इन्व्हेंटेअर या घरची पुस्तकं वाटून घ्यायच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा कोड बघा. पुस्तक नुसतं वाचायला द्यायचंय, कायमचं द्यायचंय की विकायचंय, हे तिथे नोंदवता येतं आणि लेखक-पुस्तकांच्या माहितीसाठी विकिडेटा हा सगळ्यांना खुला माहितीसाठा वापरलेला आहे.

‘बारकोड स्कॅन केला की झालं’ असं सांगणारे भेटतील. त्यांच्या घरी जुनी मराठी पुस्तकं नसावीत. त्या पुस्तकांवर आयएसबीएन, म्हणजे बारकोडमागचा पुस्तकाचा क्रमांक, नसतोच; म्हणजे नाव हातानं टाइप करणं आलं. आणि खरा सापळा तिथेच आहे.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. एक कीबोर्ड ऱ, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), य असं लिहितो. दुसरा र, हलन्त, मग अक्षरं जोडणारा, पण डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द. पुस्तक यादीत दिसतंय आणि सर्च म्हणतो ‘सापडलं नाही’! यानं मला रडवलंय. विचाराल त्याचं उत्तर एकच: ‘एनएफसी नॉर्मलायझेशन लाव’, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करायची युनिकोडची ठरलेली पद्धत. लावा जरूर, पण इथे त्यानं फक्त र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि ऱ एक होतात, जॉइनर तिथेच राहतो. ॲ चीही तीच गत. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, २००८ साली आलं, त्याआधीचं टंकन ‘अ’ला ‘ॅ’ जोडून केलेलं, आणि एनएफसी या दोघांनाही एक मानत नाही.

म्हणून शोधासाठी वेगळा रकाना ठेवा. आधी एनएफसी, मग जॉइनर आणि त्याचा अक्षरं जोडू न देणारा अदृश्य भाऊ नॉन-जॉइनर काढा, ऱ चा र करा, ‘अ’ अधिक ‘ॅ’ चा ॲ करा. शोधणाऱ्यानं टाइप केलेल्या शब्दावरही हेच संस्कार. मूळ नावाच्या रकान्याला मात्र हात लावायचा नाही, नाहीतर आचाऱ्यांचे आचार्य होतील. शोधात दोघे एकत्र आले तर कुणाचं काही बिघडत नाही. यादीत आले तर पुस्तकाच्या मालकाचा फोन येतो.

एवढं वाचून घाबरायला झालं असेल तर तसं नाही, हे काम पन्नासेक ओळींचं आहे.

ते करताना मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, शोधत फिरू नका. ‘आधी अख्खा कोड वाच’ म्हणणारे मला मिळाले, उपयोग शून्य. तुमच्या दहा ओळी नीट वाचून नावं ठेवणारा एक माणूस पुरतो. रीडमी या माहितीच्या फाइलमधला स्वल्पविराम बदलून पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल घ्या’ अशी विनंती) पाठवायचे धंदेही नकोत. हॅक्टोबरफेस्ट या मुक्तस्रोत योगदानाच्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी लोकांनी इतका कचरा पाठवला की प्रकल्पाची संमती असेल तरच सहभाग, असा नियम करावा लागला.

पहिलं योगदान टेस्टचं, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या छोट्या कोडचं, करा. आपल्याच कपाटातली ऱ्या, ऱ्ह, ॲ असलेली नावं घ्या, प्रत्येक नाव दोन्ही तऱ्हांनी लिहा आणि दोन्हींनी तेच पुस्तक सापडतं का ते तपासा. मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, मराठीचा गंध नसला तरी अडत नाही, नापास होऊन लाल झालेली टेस्ट त्याला दिसते.