क्रूझवरच्या जेवणाला पैठणी आणि हिमरू

सात रात्रींच्या क्रूझवर बहुधा दोन रात्री औपचारिक पोशाखाच्या असतात. एरवी मुख्य डायनिंग हॉलमध्ये शर्ट-पँट, कुर्ता किंवा साधी साडी पुरते. हाफ पँट आणि रबरी चप्पल मात्र नको.

औपचारिक रात्री पैठणीला तोड नाही. ती मलमलीत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा, कारण मोठं सामान केबिनमध्ये पोचायला कधीकधी संध्याकाळ होते. इस्त्री घरूनच करून न्या. आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये इस्त्री वापरू देत नाहीत. अत्तर जरीवर उडवू नका, ती काळवंडते. पिनही जरीतून टोचू नका, धागा ओढला जातो. जहाज डोलतं, म्हणून टाचा बुटक्याच बऱ्या. पुरुषांना बंदगळा शोभतो. हॉलमधला एसी बोचरा असतो, तेव्हा औरंगाबादी हिमरू शाल सोबत असूच द्या.