पेशा बदलून व्यवस्थापनात जाताय? या चुका टाळा

दहा-बारा वर्षे एका पेशात काढल्यावर व्यवस्थापनाकडे वळायचे ठरले, की बहुतेक जण लगेच कोर्स शोधू लागतात. पहिली गफलत इथेच होते. ‘व्यवस्थापन’ नावाची एकच नोकरी नसते. प्रकल्प मुदतीत पुरा करणे, रोजचे कामकाज चालवणे, विक्रीची टीम सांभाळणे, मनुष्यबळ विभाग पाहणे ही वेगवेगळी कामे आहेत आणि प्रत्येकाच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या आहेत. पद ठरण्याआधी फी भरली, तर हाती प्रमाणपत्र येते, पण ते कुठे दाखवायचे हे कळत नाही.

आधी जाहिराती वाचा. हव्या त्या पदाच्या वीस ताज्या जाहिराती गोळा करा आणि प्रत्येकीतली अट एका तक्त्यात उतरवा: पदवी, प्रमाणपत्र, अनुभवाची वर्षे, हाताखालची माणसे, बजेट, सॉफ्टवेअर. ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास प्राधान्य’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. वीसपैकी बारा-पंधरा ठिकाणी ‘आवश्यक’ म्हणून आलेली अट खरी समजा. दोन-तीन ठिकाणीच दिसणाऱ्या प्रमाणपत्रासाठी सहा महिने घालवू नका. हे काम दोन संध्याकाळींत होते.

एका उडीत तिन्ही बदल

क्षेत्र, कामाचा प्रकार आणि हुद्दा या तिन्ही गोष्टी एकदम बदलायचा प्रयत्न जवळपास नेहमी अडतो. वॉर्डची प्रभारी परिचारिका थेट सॉफ्टवेअर कंपनीत उत्पादन व्यवस्थापक (प्रॉडक्ट मॅनेजर) व्हायला निघाली, तर तिच्या अनुभवाची किंमत करणारे समोर कुणी नसते. तीच परिचारिका रुग्णालयाच्या कामकाज व्यवस्थापनात गेली, तर पाळ्यांचे वेळापत्रक, औषधसाठा, घटनांच्या नोंदी हे सगळे तिथे मोजले जाते. पुढे रुग्णालयांसाठी प्रणाली बनवणाऱ्या कंपनीत जाणे तिला सोपे पडते. एका वेळी एक बदल करा, फार तर दोन. वाट लांबते हे खरे, पण मधल्या नोकरीत पगारही मिळतो आणि अनुभवही.

एमबीएचा चुकीचा प्रकार

या चुकीत सर्वाधिक पैसा जातो, म्हणून इथे थोडे थांबू. नोकरी सांभाळून करायचे एक्झिक्युटिव्ह एमबीए मुळात आधीच वरच्या जबाबदारीवर असलेल्यांसाठी आखलेले असते. शनिवार-रविवारी वर्ग भरतात आणि नोकरी चालू राहते, म्हणून पेशा बदलणाऱ्यांना ते सोयीचे वाटते. पण त्यात इंटर्नशिपला सहसा जागा नसते आणि नोकरी मिळवून देणारी यंत्रणाही पूर्णवेळ विद्यार्थ्यांइतकी हाताशी नसते. ज्यांना त्याच क्षेत्रात वर चढायचे आहे, त्यांना हा मार्ग उत्तम.

क्षेत्रच बदलायचे असेल, तर दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमातली मधल्या सुट्टीतली इंटर्नशिप सगळ्यात मोलाची. नव्या क्षेत्रातला पहिला पुरावा तिथेच मिळतो. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात वेळ वाचतो, पण अनेक ठिकाणी ही इंटर्नशिपच नसते. प्रवेशाआधी संस्थेला थेट विचारा: माझ्यासारख्या पार्श्वभूमीचे किती जण गेल्या वर्षी होते आणि त्यांतल्या किती जणांनी क्षेत्र बदलले? सगळ्या विद्यार्थ्यांची सरासरी सांगून वेळ मारून नेली, तर पुन्हा विचारा.

मान्यता संस्थेच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. मान्यता देणाऱ्या संघटनेच्या यादीत नाव शोधा. व्यवस्थापन शिक्षणाच्या तीन आंतरराष्ट्रीय मान्यतांपैकी एएसीएसबी आणि इक्विस यांची मान्यता संपूर्ण संस्थेला असते, एएमबीएची अभ्यासक्रमाला. त्यामुळे त्याच संस्थेचा एखादा लहान ऑनलाइन कोर्स एएमबीए-मान्य असेलच असे नाही. एएमबीए-मान्य एमबीएला किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जीमॅट ही व्यवस्थापन अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा देणार असाल, तर गुण पाच वर्षे ग्राह्य असतात. म्हणून नोकरीत तुलनेने मोकळा काळ असताना परीक्षा देऊन टाका.

प्रकल्प व्यवस्थापन: अर्जच अडतो

पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापकांचे प्रमाणपत्र नवख्यांसाठी नाही. चार वर्षांची पदवी असेल, तरी प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचे ३६ महिने दाखवावे लागतात. पदवी नसेल तर ही अट आणखी कडक होते. त्यावर ३५ तासांचे प्रशिक्षण. पुष्कळ जण हे ३५ तास आधी उरकतात आणि अनुभवाच्या रकान्यापाशी अडकतात.

तिथे नेहमी दिसणाऱ्या तीन चुका अशा. एक, रोजचे ठरलेले काम प्रकल्प म्हणून लिहिणे. दर महिन्याचा अहवाल काढणे हा प्रकल्प नव्हे. तो अहवाल काढायची नवी प्रणाली चार महिन्यांत बसवणे हा प्रकल्प. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि शेवटी हाती येणारी वस्तू आहे. दोन, एकाच काळात चाललेल्या दोन प्रकल्पांचे महिने दोनदा धरणे. जानेवारी ते जून असे दोन प्रकल्प चालले, तरी महिने सहाच. तीन, साक्षीदार नसणे. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात आणि तेव्हा त्या-त्या प्रकल्पाची माहिती असलेल्या व्यक्तीकडून तुमच्या अनुभवाला दुजोरा मागितला जातो. जुनी नोकरी सोडायच्या आधीच वरिष्ठांचे संपर्क आणि तारखा लिहून ठेवा.

अनुभव कमी असेल, तर सीएपीएम हे प्रकल्प व्यवस्थापनाचे सुरुवातीचे प्रमाणपत्र घ्या. त्याला अनुभवाची अट नाही, २३ तासांचे प्रशिक्षण पुरते. प्रिन्स-टू या प्रकल्प व्यवस्थापन पद्धतीच्या फाउंडेशन, म्हणजे पहिल्या पातळीच्या, प्रमाणपत्रालाही अनुभव लागत नाही. दोन्हींपैकी कोणते, हे तुमच्या वीस जाहिरातींचा तक्ता सांगेल.

आकड्यांना बगल

शिक्षक, अभियंते, समुपदेशक, पत्रकार यांना माणसे हाताळायची सवय असते. मुलाखतीत अडतात ते हिशेबापाशी. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोखप्रवाह ही तीन पत्रके वाचता आलीच पाहिजेत. सोबत ना-नफा-ना-तोटा बिंदू काढता यावा. ठरावीक खर्च (विक्री कितीही झाली तरी तेवढाच राहणारा) ६,००,००० असेल, नग ५०० ला विकला जात असेल आणि नगामागे ३०० खर्च येत असेल, तर प्रत्येक नग २०० उरवतो. म्हणजे ३,००० नग विकल्यावर खर्च भरून निघतो. विक्रीची किंमत १० टक्क्यांनी उतरवली, तर एका नगामागे १५० उरतात आणि तोच आकडा ४,००० वर जातो. एवढे तोंडी मांडता आले, तर सवलत देण्यावरच्या चर्चेत तुम्ही टिकता. आठवड्याला पाच तास दिले, तर साधारण दोन महिन्यांत ही तयारी होते. त्यासाठी पदवी लागत नाही.

कुठे अडलंय ते ओळखा

अर्ज जातात पण बोलावणे येत नाही: रेझ्युमे जुन्या पेशाच्या भाषेत आहे. ‘परीक्षा विभागाची जबाबदारी सांभाळली’ यावरून काहीच कळत नाही. ‘४० पर्यवेक्षकांचे वेळापत्रक आखले, १,२०० विद्यार्थ्यांची परीक्षा सहा दिवसांत पार पाडली, निकाल ठरल्या तारखेला लावला’ असे, स्वतःच्या खऱ्या आकड्यांनिशी लिहा.

मुलाखत होते पण निवड होत नाही: उत्तरांत ‘आम्ही’ फार असतो आणि स्वतःचा निर्णय दिसत नाही. सहा प्रसंग लिहून काढा. एक वादाचा, एक अपयशाचा, एक अपुऱ्या साधनांचा, एक नकार द्यावा लागल्याचा, बाकी दोन तुमच्या पदाला साजेसे. प्रत्येकात परिस्थिती दोन वाक्यांत, तुमचा निर्णय आणि त्यामागचे कारण सविस्तर, परिणाम आकड्यात. दोन मिनिटांत बसेपर्यंत मोठ्याने बोलून पाहा.

सांगण्यासारखे प्रसंगच नाहीत: हे अभ्यासक्रमाने भरून निघत नाही. आहे त्या नोकरीत तीन-चार महिन्यांचे, दोन विभागांना जोडणारे एखादे काम मागून घ्या. नव्या प्रणालीची अंमलबजावणी, साठ्याची फेररचना, नव्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, काहीही चालेल. कुणी ते करायला तयार नसते, म्हणून सहसा मिळते.

नोकरी लागली, पण पहिल्या तीन महिन्यांतच दमछाक झाली: जुने काम अजून स्वतःच करताय. चांगला तंत्रज्ञ व्यवस्थापक झाला, की अडलेले काम सवयीने स्वतःच्या हाती घेतो. मग टीम थांबून राहते आणि रात्री त्याला जागावे लागते. काम सोपवताना चार गोष्टी सांगा: काय हवे, कधीपर्यंत, किती चोख आणि मधे कधी पाहणार. दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास स्वतंत्र बोला. आठ माणसे असतील, तर आठवड्याचे चार तास या बैठकांनाच जातात. ते वेळापत्रकात आधी टाका, इतर बैठका उरलेल्या वेळात बसवा.