हॉटेलचं लाईट बिल नक्की कुठे जातं, ते कसं शोधायचं

बिल वाढलं की मालक पहिलं काय करतो, तर लॉबीतले बल्ब बदलतो. बदला, वाईट काहीच नाही, पण मुंबईत खरा खादाड एसी आहे, मग गरम पाणी, किचन, लॉन्ड्री, पंप, लिफ्ट, आणि यातलं बरंचसं रूम रिकाम्या असल्या तरी चालूच असतं. तेच आधी पकडायचं.

सुरुवात बिलांपासून. बेस्टचं असो, टाटाचं असो की अदानीचं, मागच्या 12 महिन्यांची बिलं काढा आणि रुपये नाही, युनिट लिहा (दर सारखे बदलतात), शेजारी त्या महिन्यात किती रूम भरल्या ते लिहा. धंदा अर्ध्यावर आला आणि युनिट जेमतेमच उतरले असतील तर पाहुण्यांना बोल लावू नका, बिल्डिंगच वीज खातेय. आणि हो, मेची तुलना मेशीच करा, जानेवारीशी नको.

मग एक रात्र जागा. 2 वाजता आणि 4 वाजता मीटरचं रीडिंग घ्या, फरकाला 2 ने भागा, तासाचे युनिट मिळाले (मोठ्या कनेक्शनला मल्टिप्लाइंग फॅक्टर असतो, बिलावर बघा आणि त्याने गुणा, नाहीतर आकडा उगाच छोटा दिसेल). आकडा जास्त वाटला तर लगेच फेरी मारा, बंद बँक्वेटचा एसी, किचनचा एक्झॉस्ट, कोल्ड रूमच्या दाराचं फाटलेलं गॅस्केट (रबराची पट्टी), टाकी भरून वाहतेय तरी चालू असलेला पंप, असलं काहीतरी हमखास सापडतं.

आता एसी. इथे उन्हापेक्षा दमटपणा जड जातो, कारण एसीला हवा गारही करायची असते आणि तिच्यातलं पाणीही काढायचं असतं. बाथरूमचे आणि किचनचे एक्झॉस्ट जेवढी गार हवा बाहेर फेकतात तेवढीच दमट हवा दारा-खिडक्यांच्या फटीतून आत घुसते, म्हणजे तुम्ही अख्खा पावसाळा वाळवत बसता. मेन दाराच्या फटीशी टिश्यू धरा, जोरात आत ओढला गेला तर एक्झॉस्ट जास्त झालाय. त्याला व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) बसवा, फॅनचा स्पीड 80 टक्क्यांवर आणला तर वीज साधारण निम्मी लागते. एसीचं सेटिंग 24 डिग्री ठेवा, बीईईच्या (वीज बचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) म्हणण्यानुसार एक डिग्री वाढवली की सुमारे 6 टक्के वाचतात.

गरम पाण्याचा हिशोब सोपा आहे, 100 लिटर पाणी 25 वरून 45 डिग्रीला न्यायला जवळपास 2.3 युनिट, त्यात वाटेत वाया जाणारी उष्णता धरलेली नाही. हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं मशीन) हेच काम साधारण एक तृतीयांश विजेत करतो, पण आधी पाइपांना इन्सुलेशन आहे का ते बघा, ते स्वस्तातलं काम आहे.

शेवटी बिलावरची मॅक्झिमम डिमांड बघा, म्हणजे महिन्यात एका वेळी घेतलेला सगळ्यात जास्त लोड. सकाळी गिझर, किचन, एसी आणि लॉन्ड्री एकदम चालतात तेव्हा ती चढते, यातली लॉन्ड्रीच तेवढी आपल्या हातात, ती दुपारी लावा.