इंग्लंडमधल्या जुन्या इस्टेटीचे मालक कसे शोधायचे

इंग्लंडमधल्या एखाद्या इस्टेटीचा इतिहास लिहायला घेतला की डूम्सडे बुकापासून (राजाने करवलेल्या जमिनींच्या मोजदादीपासून), म्हणजे १०८६ पासून सुरुवात करण्याचा मोह होतो. तो टाळा. एकाच गावात दोन-तीन मॅनर (एकेका लॉर्डच्या जहागिरी) असणं नेहमीचं आहे. वरून खाली येताना भलत्याच मॅनरची साखळी धरली, तर ते कळेपर्यंत पाचशे वर्षं लिहून झालेली असतात. आजच्या मालकापासून मागे जा आणि प्रत्येक पायरी कागदाने पक्की करा.

सुरुवातीलाच वहीत तीन रकाने आखा: हवेली, जमीन आणि मॅनरचं लॉर्डपद. ही तिन्ही एकाच घराण्याकडे असतील असं गृहीत धरू नका. लॉर्डपद हा वेगळा हक्क आहे, तो जमिनीशिवायही विकला जातो. हवेली वर्षानुवर्षं भाड्याने दिलेली असू शकते. जनगणनेत किंवा जुन्या डिरेक्टरीत तिथे राहणाऱ्याचं नाव सापडतं, तो मालक असेलच असं नाही. मालकांच्या अनेक छापील याद्यांत भाडेकरूच मालक होऊन बसले आहेत.

आजपासून १७८० पर्यंत

पहिला कागद एचएम लँड रजिस्ट्रीचा. ७ पौंड भरून ऑनलाइन उतारा मिळतो. त्यात आजचा मालक असतोच, पण खरी कामाची गोष्ट शेवटच्या भागात असते. जमिनीवरच्या जुन्या अटी तिथे मूळ खरेदीखताच्या तारखेसह आणि दोन्ही पक्षांच्या नावांसह उतरवलेल्या असतात, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा व्यवहारही हाती लागू शकतो. नोंदणी सापडलीच नाही तर घाबरू नका. संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समध्ये विक्रीनंतरची नोंदणी सक्तीची झाली ती १ डिसेंबर १९९० पासून. पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्याकडे राहिलेली जमीन अजून नोंदणीबाहेर असू शकते.

विसाव्या शतकासाठी लिलावाचे कॅटलॉग शोधा. १८९४ मध्ये वारसांवर इस्टेट ड्यूटी (मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा कर) आली, पुढे तिचे दर वाढत गेले आणि पहिल्या महायुद्धानंतर इस्टेटी तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्या. कॅटलॉगमध्ये लॉटवार नकाशा, क्षेत्रफळ, कुळांची नावं आणि भाडं असतं. मात्र जमीन विकायला काढली एवढंच त्यातून सिद्ध होतं. लॉट विकला गेला का, हे समासात पेन्सिलने लिहिलेल्या आकड्यांवरून आणि लिलावानंतरच्या आठवड्यातल्या स्थानिक वृत्तपत्रावरून ताडून पाहा.

१९१० ते १९१५ दरम्यान सरकारने देशभर जमिनीचं मूल्यांकन केलं. त्याच्या फील्ड बुका लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आयआर ५८ या मालिकेत आहेत. त्या थेट उघडता येत नाहीत. आधी नकाशावर मालमत्तेचा क्रमांक शोधायचा, मगच बूक मागवायचं. साउथॅम्प्टन आणि पोर्ट्समथ भागातली बरीचशी कागदपत्रं दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत गेली.

त्याआधीचा मोठा टप्पा म्हणजे १८३६ च्या कायद्यानंतरचे टाइद (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) नकाशे. नकाशे आयआर ३० मध्ये, त्यांची यादी आयआर २९ मध्ये. यादीत शेताच्या प्रत्येक तुकड्यासमोर मालक, वहिवाटदार, शेताचं नाव, पीक की कुरण, आणि क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये (४० पर्च म्हणजे १ रूड, ४ रूड म्हणजे १ एकर). वहिवाटदाराच्या रकान्यात ‘स्वतः’ असं लिहिलेलं असेल तर मालक ती जमीन स्वतः कसत किंवा वापरत होता. बेरीज स्वतः करून पाहा, इस्टेटीचा खरा आकार तिथे कळतो. नॉर्थॅम्प्टनशर, लेस्टरशर अशा परगण्यांत बऱ्याच पॅरिशचे (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांचे) नकाशे मिळणार नाहीत. तिथे एन्क्लोजरच्या (सामायिक जमिनीची वाटणी करून कुंपण घालण्याच्या) वेळीच टाइद मिटवला गेला होता, तेव्हा एन्क्लोजरचा निवाडा मागवा.

१७८० ते १८३२ या काळासाठी काउंटी रेकॉर्ड ऑफिसातल्या लँड टॅक्सच्या वार्षिक याद्या ओळीने वाचा. नाव ज्या वर्षी बदलतं त्याच्या आसपास व्यवहार झाला. ‘आसपास’ म्हणण्याचं कारण असं की कारकून जुनी यादी उतरवत, आणि मेलेल्या माणसाचं नावही काही वर्षं तसंच राही.

दस्तांचं गाठोडं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात जास्त माहितीही इथेच मिळते. चामड्याचा मोठा दस्त उलगडला की मोठ्या अक्षरांतला ‘व्हेअरॅज’ (whereas, म्हणजे ‘ज्या अर्थी’) हा शब्द शोधा. त्याच्यापुढे आधीचे व्यवहार, लग्नं, मृत्युपत्रं क्रमाने सांगितलेली असतात. मूळ कागद हरवले असले तरी हा मजकूर पुरतो, म्हणून तो शब्दशः उतरवून घ्या.

मग रक्कम पाहा. पाच किंवा दहा शिलिंग असेल तर ती नावापुरती: विश्वस्त नेमले जात आहेत किंवा कौटुंबिक व्यवस्था लावली जात आहे. रक्कम मोठी आहे, पण ५०० किंवा १००० वर्षांचा पट्टा आहे आणि पैसे फेडल्यास तो रद्द होईल असं कलम आहे, तर ते गहाणखत. पैसे देणारा मालक झालेला नाही. मोठी रक्कम, असं कोणतंही कलम नाही, आणि जमीन घेणाऱ्याच्या व त्याच्या वारसांच्या नावे कायमची, तरच ती विक्री धरा.

विक्रीचे दस्तही बऱ्याचदा जोडीने येतात. पहिला वर्षभराच्या पट्ट्याचा, दुसरा दुसऱ्याच दिवशीचा, हक्क सोडल्याचा. खरी किंमत दुसऱ्यात असते. पहिलाच हाती आला तर तो साधा भाडेपट्टा समजून बाजूला ठेवू नका. १८४१ नंतर पहिल्याची गरज उरली नाही. ‘फाइन’ आणि ‘रिकव्हरी’ नावाचे कोर्टाचे कागद भांडणासारखे दिसतात, पण दोन्ही पक्षांनी ठरवून केलेला तो हस्तांतराचा मार्ग होता. १८३३ मध्ये तो बंद झाला. फाइनमधली रक्कम आणि एकर ठोकळ असतात, किंमत म्हणून ते आकडे वापरू नका.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून मोठ्या घराण्यांनी जमीन ‘स्ट्रिक्ट सेटलमेंट’मध्ये बांधून ठेवली. हयात मालकाला फक्त उपभोगाचा हक्क, मागे विश्वस्त. १८८२ च्या सेटल्ड लँड अ‍ॅक्टने त्याला विकण्याची मोकळीक दिली. त्याआधी मोठी विक्री दिसली तर संसदेचा खासगी कायदा शोधा.

आडनावावर विसंबू नका

विल्टशरमधलं लॅकॉक अ‍ॅबी पाहा. १२३२ मध्ये सॉल्झबरीची काउंटेस एला हिने स्थापलेला जोगिणींचा मठ १५३९ मध्ये राजाकडे गेला आणि पुढच्या वर्षी विल्यम शॅरिंग्टनने तो ७८३ पौंडांना घेतला. त्याच्या पुतणीच्या लग्नातून तो टॅलबट घराण्याकडे आला. तिथून १९४४ मध्ये मटिल्डा टॅलबटने नॅशनल ट्रस्टला देईपर्यंत मालक टॅलबटच दिसतात, पण ही सरळ पुरुषवंशाची साखळी नाही. जॉन आयव्हरी आजोळच्या वारशासाठी टॅलबट झाला, आणि मटिल्डा मूळची गिलख्रिस्ट-क्लार्क, तिला इस्टेट मामाकडून मिळाली. वारशासाठी आडनाव बदलणं ही सर्रास पद्धत होती. म्हणून प्रत्येक पिढीत आईचं घराणं आणि मृत्युपत्र तपासा. १८५८ पूर्वीची श्रीमंतांची बहुतेक मृत्युपत्रं नॅशनल आर्काइव्ह्जच्या प्रॉब ११ या मालिकेत मिळतात.

तारखा

१७५२ पूर्वी इंग्लंडमधलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. दस्तावर १० फेब्रुवारी १७२० असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१. टिपणात १७२०/२१ असं लिहा, नाहीतर मुलगा बापाच्या आधी वारस झालेला दिसेल.

त्याही मागे

१५३६ ते १५४० दरम्यान राजाने मठ बरखास्त केले तेव्हा पहिला खरेदीदार अनेकदा सौदेबाज असे आणि लवकरच पुढे विकून मोकळा होई. थेट राजाकडून धरलेली जमीन विकायला परवाना लागे. तो पेटंट रोल्समध्ये (राजाच्या खुल्या पत्रांच्या नोंदींत) शोधा. तेराव्या ते सतराव्या शतकापर्यंत ‘इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम’ (जमीनधारकाच्या मृत्यूनंतरची सरकारी चौकशी) वापरा: मृत्यूची तारीख, जमिनी, वारस आणि त्याचं वय. ‘२१ वर्षं व अधिक’ याचा अर्थ फक्त सज्ञान, त्यावरून जन्मसाल काढू नका. मॅनरचे कागद कुठे आहेत ते मॅनोरिअल डॉक्युमेंट्स रजिस्टर सांगतं. १८९९ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरीत (परगण्यांच्या इतिहासाच्या ग्रंथमालेत) तुमचं गाव आलं असेल तर मजकुरापेक्षा तळटीपा आधी वाचा, मूळ कागदांचे क्रमांक तिथे आहेत.

एवढं जुळल्यावर डूम्सडे उघडा. प्रत्येक नोंदीत १०६६ आणि १०८६ या दोन्ही वेळचे धारक पाहा. नॉर्थम्बरलंड आणि डरॅममधली इस्टेट त्यात सापडणार नाही. डरॅमच्या बिशपच्या जमिनींसाठी ११८३ चं बोल्डन बुक पाहावं लागतं.